इंजिनातले मीठ

भिकू ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावर विश्वास ठेवत नसे. होडी चालू झाली की तो कडेवरून वाकायचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरायचा. हात तिथे टिकला तर तो मुकाट्याने आपल्या जागेवर जाऊन बसे. हात झटकून मागे घ्यावा लागला तर होडीवरच्या प्रत्येकाच्या बापाचा उद्धार होई, आणि तो खाडीच्या दोन्ही काठांवर ऐकू जाई.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना खाडीच्या अलीकडे मच्छीमारांची एक वाडी आहे. भिकू तिथला. मी तेव्हा एका दैनिकाचा मालवणचा वार्ताहर होतो. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यावरच्या होड्यांना इंजिने बसू लागली. वाडीतले पहिले इंजिन भिकूचा धाकटा भाऊ पांडू तांडेल याच्या होडीवर बसले, म्हणून बातमीसाठी गेलो होतो. भिकूने मला नखशिखान्त पाहिले आणि विचारले, “तुमका इंजान बगूचा आसा, की फोटो व्हयो?”

मी इंजिन म्हणालो.

“मगे चपला काडा.”

उंच, कमरेत किंचित वाकलेला, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस. उजव्या तळहातापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत आणि फिकट होती. तरुणपणी तो आगबोटीवर कोळसा ओढायला लागला, तिथून इंजिनघरात गेला. पन्नासच्या दशकात हात भाजून परत आला तेव्हा त्याची बायको तापाने जाऊन बराच काळ लोटला होता. मूल नव्हते. पांडूने त्याला घरात घेतले. पांडू, त्याची बायको पार्वती, मुलगी शेवंती आणि ओटीवर भिकू, असे ते घर होते. त्याला दुसरे घर नव्हते.

वाडीत तो कोणाला फारसा आवडत नसे. तो शिकवायचा कमी आणि हिणवायचा जास्त. त्याच्या पाठीमागे लोकही त्याची टवाळी करीत. पांडूच्या होडीवरचा एक खलाशी मला म्हणाला होता, “भिकूचा इंजान म्हणजे नवी व्हकाल. हात तेणीच लावूचो, आमी लांबसून बगूचा.” नवी नवरी ती. भिकूने ते ऐकले होते. तो म्हणाला, “व्हकाल रुसली तर माहेराक जाता. ह्या रुसला तर तू जातलंस.”

या इंजिनांना थंड ठेवायला समुद्राचेच पाणी वापरत. होडीच्या बुडातल्या एका तोटीतून, म्हणजे कॉकमधून, ते आत येई, तापलेल्या सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरे आणि कडेच्या नळीतून बाहेर पडे. कॉक पूर्ण उघडा असला की धार जाड आणि कोमट. कॉक आवळला की धार बारीक आणि ऊन. एवढेच गणित होते. गोड्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राला त्यातून फार तर ताप होतो. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्याला आणखी काही होते, आणि ते आत होते म्हणून दिसत नाही.

मला ते त्याने बाहेर दाखवले. होडी धक्क्याला होती, इंजिन नुकतेच बंद केले होते. त्याने धुराच्या तापलेल्या नळीवर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब चरचरला, पसरला आणि कडांकडून आटत आत सरकू लागला. जिथवर तो पसरला होता तिथे पांढरी रेघ राहिली. मधल्या पाण्यात एक बारीक चौकोनी कण दिसला, मग त्याला लागून दुसरा. पाणी संपले तेव्हा नळीवर एक गोल ठसा उरला होता, कडेला जाड, मध्ये विरळ. त्याने दुसरा थेंब बरोबर त्याच्यावर सोडला. पहिल्या कणांचे कोपरे विरघळले, पण पाणी आटू लागताच नवे मीठ कोऱ्या लोखंडावर बसले नाही. जुन्याच कणांना धरून वाढले. दहाएक थेंबांनंतर तिथे नखाने निघणार नाही असा पापुद्रा तयार झाला. मग त्याने माझे बोट धरून पापुद्र्यावर टेकवले. सोसवत होते. शेजारच्या उघड्या लोखंडावर टेकवले, आणि मला बोट ओढून घ्यावे लागले.

“वरसून थंड लागता,” तो म्हणाला. “खालचा लोखान मातर पेटलेला आसता. पाणी तेच्यापर्यंत पोचणाच नाय.”

आगबोटीवर काय झाले ते त्याने एकदाच सांगितले, तेही मी हाताबद्दल विचारले म्हणून. बॉयलरला गोडे पाणी लागते. वाफ थंड करणाऱ्या एका नळीला चीर गेली आणि समुद्राचे पाणी त्यात मिसळू लागले. इंजिनघरात ते कळले होते. बंदर जवळ होते, म्हणून थांबायचे नाही असे ठरले. भट्टीच्या छतावर मीठ साचले, छत लाल झाले, मऊ पडले आणि खाली आले. वाफेत दोघे गेले. भिकू दाराजवळ होता, त्याचा हातच तेवढा आत होता. त्या दोघांची नावे त्याने सांगितली, गावे सांगितली आणि विषय संपवला.

असा माणूस जी चूक करणार नाही असे वाटते तीच त्याने केली. ती कशी झाली ते सांगायला हवे.

पहिल्या वर्षी पांडूच्या होडीवर माणसे टिकेनात. इंजिनाच्या वासाने मासळी पळते, तेलाने जाळे कुजते, देवाला हे चालत नाही, असे जुने लोक म्हणत. होडीला माणसे मिळाली नाहीत तर पांडूला कर्जावर घेतलेले इंजिन परत करावे लागले असते आणि भिकूच्या हातचे कामही गेले असते. थंडीचे दिवस होते. समुद्रावर रांधणे म्हणजे वाळूच्या पेटीत मातीची चूल. वारा असला की ती पेटत नसे आणि माणसे सुक्या भाकरीवर दिवस काढत. एका सकाळी भिकूने कॉक आवळला. कडेच्या नळीतून वाफाळती धार आली. ती त्याने टोपात धरली, पिंपातले गोडे पाणी तेवढेच घातले, तांदूळ टाकले. चुलीला नाममात्र जाळ पुरला. ऊन पेज आणि भाजलेला बांगडा खाऊन माणसे खूश झाली. पेजेत मीठ घालायलाही नको, असे एकजण म्हणाला, आणि हसत हसत सगळे दुसऱ्या दिवशी कामावर आले.

पेज झाली की भिकू लगेच कॉक उघडी. कॉक फार आवळला जाऊ नये म्हणून त्याने कानशीने त्याच्या दांडीवर एक खूण केली. याच्यापुढे आवळायचे नाही, असा त्या खुणेचा अर्थ होता.

पुढल्या हंगामात वाडीत आणखी इंजिने आली. भिकूला वेंगुर्ल्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात दुरुस्तीचे काम मिळाले आणि पांडू स्वतःच इंजिन चालवू लागला. भिकू सुट्टीला घरी येई तेव्हा त्याने पाहिले की प्रत्येक होडीच्या कॉकवर आता कानशीची खूण आहे. वाडीत तिला पेजेची खूण म्हणत. खुणेचा अर्थ मात्र बदलला होता. मर्यादा म्हणून केलेली खूण आता कॉकची नेहमीची जागा झाली होती. सकाळी जाताना कॉक खुणेवर आणायचा, पेज करायची, पुढे चहाला पाणी, खेकडे उकडायला पाणी, गारठलेले हात शेकायला पाणी. पुन्हा उघडायचे कोणाच्या लक्षात राही, कोणाच्या नाही.

भिकूने धक्क्यावर उभे राहून सगळ्यांना शिव्या घातल्या. पांडू हसला. “दादा, तूच शिकवलंस मरे,” तो म्हणाला. “आता आमका पेज गोड लागाक लागली तर तुका पोटात दुखता.” माणसे हसली. हे त्या दिवशी तिथे असलेल्यांनी मला पुढे सांगितले. पांडूने रोज उघडीन म्हणून कबूल केले. तो मनाने चांगला माणूस होता आणि कबूल करायला कधी कचरत नसे.

वैशाख संपताना वारा फिरला. होड्या एकेक करून खाडीत शिरल्या. पांडूची मागे राहिली होती. खाडीच्या तोंडाशी काळ्या खडकांची रांग आहे. तिला वळसा घालून आत यावे लागते. किनाऱ्यावर बरीच माणसे जमली होती आणि त्यांत भिकू होता, कारण कारखाना पावसासाठी बंद झाला होता. होडी दिसत होती, इंजिनाचा आवाजही वाऱ्याबरोबर येत होता. खडकांच्या बाजूला आल्यावर आवाज जड झाला, दोनदा अडखळला आणि थांबला. भिकू होता तिथेच वाळूवर बसला.

इंजिन आल्यापासून होड्यांवर शीड ठेवत नसत. अडचण होते म्हणून डोलकाठी आणि शीड घराच्या मागे पडून असे. होडीवर वल्ही होती. माणसांनी ती मारली. ते किनाऱ्यावरून दिसत होते, आणि दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते. भरतीच्या लाटेने होडी उचलून खडकांवर टाकली.

होडीवर चौघे होते. तिघांची प्रेते दोन दिवसांत लागली. पांडू मिळाला नाही.

मी पाठवलेल्या बातमीत अपघाताचे कारण समजले नाही, असे वाक्य होते. वाडीने मात्र कारण ठरवले. त्या खडकांवर देवचाराची, म्हणजे राखणदाराची, जागा आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्याला नारळ देतात; या वर्षी पांडूचा चुकला असावा, असे कोणीतरी आठवून सांगितले. गाऱ्हाणे घालायचे ठरले. या कारणाने कोणाचे वाईट होत नव्हते. पांडू निर्दोष राहत होता, बाकी तीन घरांना पार्वतीकडे बोट दाखवायचे कारण नव्हते, आणि चार घरांच्या बायका एका ठिकाणी बसून रडत होत्या.

होडीचा मागचा अर्धा भाग इंजिनासह खडकांच्या खाचेत अडकला होता, ओहोटीला पाण्याच्या वर राही. भिकू एकटा तिथे जाऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने चार माणसे घेऊन इंजिन सोडवले आणि किनाऱ्यावर आणले. ते तो घराच्या पाठीमागे नेऊ शकला असता. त्याने ते धक्क्याजवळ उघड्या वाळूवर ठेवले आणि प्रत्येक होडीच्या ड्रायव्हरला बोलावणे धाडले.

वाडीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस रामा तांडेल. तो भिकूच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलला. मी दोन हातांवर होतो. इंजिन भंगारात देऊन टाक, असे तो सांगत होता. घरात तरुण बाई आहे, पोर आहे. “मेल्या माणसाचा इंजान उघडून तुका काय गावतला?”

“जित्यांसाठी उघडतंय,” भिकू म्हणाला आणि पाना लावला.

नटबोल्ट गंजले नव्हते. वरचे झाकण निघाले. सिलिंडरभोवती पाणी खेळायची जी पोकळी असते ती दिसत नव्हती. ती पांढरी होती. लोखंडाला लागून दगडासारखा राखाडी थर, त्यावर चौकोनी दाण्यांचे मीठ, दाण्यावर दाणा, काही वाटाण्याएवढे. जिथून पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी ते इतके घट्ट बसले होते की खडकांवर असताना समुद्राचे पाणीही आत शिरून ते विरघळवू शकले नव्हते. भिकूने छिन्नीने एक खपली काढली. खालचे लोखंड निळे-जांभळे पडले होते. सिलिंडर आणि दट्ट्या एक झाले होते.

त्याने खपली जवळच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. ती हातोहात फिरली. एकाने सवयीने जिभेला लावली.

मग भिकूने बुडाचा कॉक दाखवला. आवाज चढवला नाही. “कॉक खुणेवर आसा. वारो फिरलो, होडी घराक फिरली, तरी उघडूक नाय. इंजनार पांडू होतो.” तो थांबला. “आणि ही खूण माझी. माझ्या कानशीची. तुमच्या सगळ्यांच्या कॉकांवर आसा ती पण माझीच.”

बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यातून पार्वती पुढे आली. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची त्या घरात रीत नव्हती. ती कधी बोललीही नव्हती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही. ती इंजिनाकडे पाहत होती.

“भावजी, ह्या माका आदी घरात सांगूक व्हया होता.”

भिकूने वर पाहिले. “घरात सांगितला असता तर ता घरातच रवला असता.”

ती घरी गेली. संध्याकाळी, बुडालेल्या खलाशांपैकी एकाची आई पार्वतीच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि तुझ्या नवऱ्याने माझा मुलगा खाल्ला, असे ओरडत राहिली. पार्वतीने दार लावून घेतले नाही. ओटीवर भिकू बसला होता. म्हातारीने त्यालाही तेच सुनावले. त्याने मान हलवली, जणू एखाद्या प्रश्नाला होकार देत आहे.

अंधार पडायच्या आत धक्क्यावर कानशी चालल्याचा आवाज येत होता. ड्रायव्हर आपापल्या कॉकवरची खूण घासून काढत होते. देवचाराला नारळही दिला गेला. मी त्या भागात होतो तोवर तिथे इंजिन बंद पडून होडी गेल्याची बातमी मला पाठवावी लागली नाही.

तीन घरांनी पार्वतीशी येणेजाणे तोडले. विहिरीवर ती गेली की बाकीच्या बाजूला होत. शेवंतीला खेळायला कोणी बोलावीनासे झाले. पार्वतीने माहेरी जावे असे काहींनी सुचवले. माहेरी कोणी उरले नव्हते. भिकूने निघून जावे असेही सुचवले गेले. तो गेला नाही. त्याने वेंगुर्ल्याचे काम सोडले, माडांच्या बागांतले पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला आणि मिळेल ते आणून उंबऱ्यावर ठेवू लागला. समुद्रावर तो पुन्हा गेला नाही. ड्रायव्हर अडचण आली की ओटीवर येत; तो बसल्या जागेवरून सांगे. हिणवणे थांबले होते. त्याने आधीसारखी शिवी द्यावी म्हणून एकदोघांनी मुद्दाम चुकीचे बोलून पाहिले, पण तो नुसतेच दुरुस्त करून सांगे.

दशक सरत आले तेव्हा माझी मुंबईच्या कचेरीत बदली झाली. निघण्यापूर्वी त्याला भेटायला गेलो. दुपार होती. शेवंती आता परकर-पोलक्यातून साडीत आली होती. आईने जेवून जायला सांगितले आहे, असे ती बाहेर येऊन म्हणाली. नाही म्हणता येण्यासारखे नव्हते.

ओटीवर दोन पाट मांडले. पार्वती स्वतः वाढायला आली. माझ्या ताटात तिने डाव्या बाजूला मीठ वाढले, मग भात, तिरफळाच्या वासाची बांगड्याची आमटी, कोकमाची कढी. भिकूच्या ताटात तेच सगळे वाढले, फक्त डावी बाजू मोकळी ठेवली. विसरली असेल असे मला वाटले. मग लक्षात आले की त्याची आमटी तिने वेगळ्या, लहान भांड्यातून वाढली होती. दोन्ही आमट्यांचा रंग एक होता.

ती आत गेल्यावर मी त्याच्याकडे पाहिले. तो भात कालवत होता.

“मीठ घालूच्या आदी माझा काडून ठेवता,” तो म्हणाला. “त्या दिसापासून.” तक्रार नव्हती, धार कोमट आहे की ऊन हे सांगावे तसे सांगितले. रोज वेळेवर वाढते, आजारी असलो तर पेज करून घालते, कधी उपाशी ठेवले नाही, हेही त्याने पुढे सांगितले. मीठ त्याने कधी मागितले नव्हते आणि तिने कधी कारण सांगितले नव्हते. वाडीत हे कोणाला ठाऊक नव्हते, कारण त्या घरी कोणी जेवायला येत नसे.

मी माझ्या ताटातले चिमूटभर मीठ उचलले आणि त्याच्या ताटाकडे हात नेला. त्याने ताट आपल्याकडे ओढून घेतले.

“नको,” तो म्हणाला. “ता तिनाच वाढूक व्हया.”

चिमटीतले मीठ मी परत माझ्या ताटात टाकले. आम्ही जेवलो. तो सावकाश जेवत होता, पण काही टाकत नव्हता. बांगड्याचा काट्यापाशी राहिलेला भागही त्याने बोटाने काढून घेतला. शेवंती भाताचे भांडे घेऊन बाहेर आली आणि त्याच्यापाशी थांबली. त्याने ताट पुढे केले.